दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमधले एरर मेसेज : कामाच्या नोंदी

२ जून

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर हातात आलंय. आधीचा माणूस नोकरी लागली म्हणून पुण्याला गेला, कोड ठेवून गेला. भाषा पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल, फ्रेमवर्क (तयार सांगाडा) कुठलंच नाही, पण क्लास (एका गोष्टीचा डेटा आणि नियम एकत्र ठेवणारे कोडचे तुकडे) बऱ्यापैकी नीट पाडलेत. संस्थेची तक्रार एकच. सचिव अण्णा फोनवर म्हणाले, "काय चुकलंय ते सांगतच न्हाई वो. नुसतं लाल करतंय."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून मुद्दाम वेडंवाकडं भरून बघितलं. सभासद क्रमांक रिकामा, लिटर उणे दोन, फॅट ६५. (६.५ मधला टिंब राहिला की ६५ होतं, हे रोजचं आहे.) वर एक लाल पट्टी आली : ‘अवैध इनपुट’. खाली फॉर्म कोरा. म्हणजे जे बरोबर भरलं होतं तेही गेलं.

कोडमध्ये शोधलं तर म्हशीच्या फॅटची कमाल मर्यादा तीन ठिकाणी. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये १२, क्लासच्या सेटरमध्ये (आकडा आत भरणारा कोड) १०, कंट्रोलरमधल्या (आलेला फॉर्म हाताळणारा कोड) एका इफमध्ये १५. तिन्हीकडे मेसेज वेगळे, त्यातला एक इंग्रजीत. खरी मर्यादा काय हे कोडवरून कळायला मार्ग नाही. अण्णांना विचारून घेतली.

हे काम पुढं आणखी कोणाला करावं लागेल म्हणून तारखेनं लिहून ठेवतोय. क्लासची नावं इथं मराठीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती इंग्रजीत आहेत.

४ जून

‘दूधनोंद’ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लासवरून ऑब्जेक्ट, म्हणजे एकेक नोंद, बनवणारा कोड) सगळी तपासणी आहे आणि पहिली चूक सापडली की तो एक्सेप्शन फेकतो, म्हणजे काम तिथंच थांबवतो. ऑब्जेक्ट कधी चुकीचा बनत नाही, हे चांगलंच. पण माणसाला एका वेळी एकच चूक कळते. क्रमांक दुरुस्त केला की लिटर चुकलं म्हणतो, ते केलं की फॅट. सकाळी सहाला मागं कॅनची रांग लागलेली असते, तिथं हा खेळ कोण खेळणार?

म्हणून क्लासमध्येच चुकांचा अ‍ॅरे (यादी) ठेवला. सेटरनं फेकायचं नाही, अ‍ॅरेत टाकायचं, शेवटी ‘बरोबर आहे का’ विचारायचं. दुपारपर्यंत चालू झालं, पडद्यावर तिन्ही चुका एकदम दिसल्या.

संध्याकाळी मोडलं. मिल्क अ‍ॅनालायझरमधून (दूध तपासायचं मशीन) सीएसव्ही फाइल (ओळीओळीनं आकडे असलेली साधी फाइल) ओढणारा जुना कोड हाच क्लास वापरतो. तो ऑब्जेक्ट बनवतो आणि सरळ सेव्ह करतो, ‘बरोबर आहे का’ विचारतच नाही. पूर्वी एक्सेप्शन त्याला अडवायचं, आता अडवणारं कोणी नाही. टेस्टच्या डेटाबेसमध्ये फॅट ६५ ची नोंद जाऊन बसली. खऱ्या डेटाबेसवर चढवलं नव्हतं म्हणून निभावलं. विचारायचं लक्षात ठेवावं लागतं अशी तपासणी टिकत नाही, कधीतरी कोणीतरी विसरतोच.

५ जून

कालचं सगळं परत घेतलं. आता दोन वेगळे क्लास.

‘नोंदफॉर्म’मध्ये ब्राउझरमधून आलेलं जसंच्या तसं, सगळं स्ट्रिंग (नुसता मजकूर). याला चुकीचं असायची मुभा आहे. ‘दूधनोंद’ पूर्वीसारखीच कडक, चुकीची असूच शकत नाही. मध्ये ‘तपासनीस’. त्याला फॉर्म द्यायचा, तो दोनपैकी एक परत देतो, चुकांची यादी किंवा तयार दूधनोंद. सेव्ह करणारी मेथड फक्त दूधनोंद घेते, त्यामुळं न तपासलेलं सेव्ह करायचं म्हटलं तरी करता येत नाही.

मग दूधनोंदेचं एक्सेप्शन काढायचं का? ठेवलं. ते आता गिऱ्हाइकासाठी नाही, आमच्यासाठी. तपासनीसातून पार होऊनही ते फुटलं तर बग आमचा. तेव्हा पडद्यावर एवढंच : ‘आमच्याकडून बिघाड झाला आहे. ही नोंद वहीत लिहून ठेवा.’ तपशील लॉगमध्ये (प्रोग्रॅमची नोंदवही).

मर्यादा दोघांनाही लागतात म्हणून त्या ‘फॅटमर्यादा’ नावाच्या छोट्या क्लासमध्ये काढल्या. जावास्क्रिप्टलाही पान उघडताना तिथूनच आकडे जातात. तीन ठिकाणचे तीन आकडे संपले.

‘चूक’ हाही एक क्लास केला. आत चार गोष्टी : कोणतं फील्ड, चूक कोणती ते सांगणारा कोड, लागणारे आकडे, आणि ती अडवणारी आहे की नाही. पीएचपी ८.१ पासून रीडओन्ली (एकदा भरली की न बदलणारी) प्रॉपर्टी मिळते, ती वापरली, म्हणजे वाटेत कोणी बदलत नाही. वाक्य मात्र यात ठेवलेलं नाही. ‘फॅट.कमाल’ हा कोड आणि १० हा आकडा, बस्स. वाक्य पडद्याजवळ बनणार.

सोबत काम करणारी मुलगी म्हणाली, एवढ्याशा फॉर्मला इतके क्लास? तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. सभासद नोंदणीचा फॉर्म झाल्यावर बोलू म्हटलं.

९ जून

एक दिवस यातच गेला, पण हे सविस्तर लिहितो. इंटरनेटवरच्या उदाहरणांमध्ये हे सापडत नाही.

अण्णांची तक्रार : "फॅट घातलीया की वो, आणि म्हणतंय फॅट भरा." त्यांनी फोटो पाठवला. फोटोत चौकटीत ‘६.५’ स्पष्ट दिसतंय, पण देवनागरीत. त्यांचा कीबोर्ड मराठीवर होता.

ते फील्ड एचटीएमएलच्या ‘नंबर’ प्रकारचं आहे. आत ब्राउझरला संख्या म्हणून न पटणारं काही असलं तर तो त्याची व्हॅल्यू रिकामी धरतो. पडद्यावर आकडा दिसतो, सर्व्हरकडे मात्र काहीच जात नाही. सर्व्हरच्या दृष्टीनं ‘फॅट भरा’ हा मेसेज बरोबरच.

मोबाइलच्या पानावर याहून वाईट. तिथं फील्ड साधं टेक्स्टचं आहे, त्यामुळं ‘६.५’ देवनागरीतच सर्व्हरपर्यंत येतं. तिथली तपासणी रेग्युलर एक्स्प्रेशननं (मजकूर कसा दिसायला हवा त्याचा नमुना), ‘बॅकस्लॅश डी’ म्हणजे अंक, आणि मराठी मजकूर येणार म्हणून शेवटी युनिकोडचा ‘यू’ लावलेला. पीएचपीत ‘यू’ लावला की ‘बॅकस्लॅश डी’ मध्ये देवनागरी अंकही बसतात. तपासणी पास. पुढं त्याचं फ्लोटमध्ये (दशांश संख्या) रूपांतर होतं आणि तिथं पीएचपीला देवनागरी अंक कळत नाहीत, तो गपगुमान शून्य देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. फॅट ०. (पायथॉनचा फ्लोट देवनागरी अंक व्यवस्थित वाचतो, त्यामुळं तिकडून आलेल्या माणसाला हे चटकन सुचणार नाही.)

जुन्या डेटाबेसमध्ये फॅट ० च्या नोंदी शोधल्या. निघाल्या. मर्यादेखाली म्हणून त्या का अडल्या नाहीत? सेटरमध्ये ‘फॅट असेल तर तपास’ असा इफ होता आणि पीएचपीत शून्य म्हणजे ‘नाही’. ज्यांच्या त्या नोंदी होत्या त्यांचं दूध मशीन बिघडल्याच्या दिवसांसारखं सरासरीनं धरलं गेलं होतं, म्हणून कोणी भांडायला आलं नाही. यादी अण्णांना दिली. कोणाला काय फरक द्यायचा ते संस्था ठरवेल.

दुरुस्ती : नोंदफॉर्ममध्ये शिरतानाच, कुठल्याही नियमाआधी, दहा देवनागरी अंकांचे साधे अंक करून घ्यायचे आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागा छाटायच्या. त्यानंतर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये सरळ ‘० ते ९’ असा कंस, ‘बॅकस्लॅश डी’ कुठंच नाही. डेस्कटॉपचं फील्डही ‘नंबर’वरून ‘टेक्स्ट’वर आणलं आणि ‘इनपुटमोड’ डेसिमल केला, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचाच कीपॅड येतो. चूक दाखवताना मात्र माणसानं टाइप केलेलं मूळचंच दाखवायचं, आपण बदललेलं नाही. नाहीतर त्याला वाटतं, हे मी कुठं लिहिलं?

११ जून

सभासद नोंदणीचा फॉर्म. ‘नाव ५० अक्षरांपेक्षा जास्त नको’ हा मेसेज भलत्याच नावांना येत होता. लांबी मोजायला ‘स्ट्रलेन’ वापरलंय, ते बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून १० चिन्हं, म्हणजेच ३० बाइट. वडिलांचं नाव आणि आडनाव जोडलं की ५० कधीच पार. ब्राउझरचं ‘मॅक्सलेंग्थ’ आणि मायएसक्यूएलचं ‘व्हारचार’ दोन्ही चिन्हं मोजतात, त्यामुळं त्यांची तक्रार नव्हती, मधला पीएचपीचा कोडच अडवत होता. ‘एमबी स्ट्रलेन’ केलं, मर्यादा १०० वर नेली. दहा मिनिटांचं काम.

आयएफएससी कोडला जास्त वेळ गेला. ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पासबुकावरून टाइप करताना पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडतो. जुना मेसेज : ‘आयएफएससी चुकीचा’. माणूस पासबुक आणि पडदा आळीपाळीनं बघतो, त्याला दोन्ही सारखंच दिसतं. आधी मेसेज सुधारला, ‘पाचव्या जागी शून्य हवं, इंग्रजी ओ नको’. मग वाटलं, पाचव्या जागी दुसरं काही असूच शकत नसेल तर विचारायचं कशाला? तिथला ‘ओ’ फॉर्मच शून्य करून टाकतो. शाखेच्या सहा अक्षरांना मात्र हात लावायचा नाही, तिथं अक्षरं आणि अंक दोन्ही चालतात, अंदाज केला तर पैसे भलत्या शाखेकडे धाडले जातील.

आधार क्रमांक आणि खाते क्रमांक यांच्या चुकांमध्ये टाइप केलेली किंमत ‘चूक’ ऑब्जेक्टमध्ये ठेवायची नाही, असं ठरवलं. चुका लॉगमध्ये जातात आणि लॉग कोणाच्याही हाती लागतो. तिथं फक्त कोड.

१३ जून

वाक्यांचं काम. तयार लायब्ररींची पद्धत म्हणजे एक साचा आणि त्यात फील्डचं नाव चिकटवायचं. करून बघितलं. ‘फॅट आवश्यक आहे’ चाललं. पुढं ‘तारीख ला भविष्यातली किंमत चालत नाही’, ‘सभासद क्रमांक भरलेली नाही’, ‘लिटर ची कमाल मर्यादा’ असली वाक्यं निघायला लागली. मराठीत फील्डच्या नावाचं सामान्यरूप होतं, क्रियापद लिंगाप्रमाणं बदलतं. साच्यात हे बसवायला लिंगाचा आणि सामान्यरूपाचा तक्ता करायला बसलो होतो, मध्येच सोडून दिलं.

सरळ प्रत्येक फील्ड आणि प्रत्येक कोड यांच्या जोडीला एक पूर्ण वाक्य हातानं लिहिलं. चाळीसेक वाक्यं झाली. ‘चूक’ क्लासमध्ये वाक्य ठेवलं नव्हतं त्याचा फायदा इथं झाला. ही सगळी एका फाइलमध्ये आहेत, ती फाइल छापून अण्णांना देता आली आणि त्यांनी पेनानं दुरुस्त्या करून परत दिली. ‘एसएनएफ मर्यादेबाहेर आहे’ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) याच्या पुढं त्यांनी लिहिलं होतं : ‘मशीन पुसून परत सॅम्पल लावा’. त्यांना तेच सांगायचं असतं. तसंच ठेवलं.

कोड आहे पण वाक्य नाही असं होऊ नये म्हणून एक टेस्ट लिहिली. सगळे कोड घेते, प्रत्येकाला वाक्य आहे का बघते, नसेल तर बिल्ड थांबवते.

१७ जून

पहाटे गावात जाऊन संकलन केंद्रावर बसलो. हे आधीच करायला हवं होतं, बऱ्याच गोष्टी ऑफिसातून दिसत नाहीत.

पडद्याकडे कोणी बघत नाही. नजर काट्यावर आणि मशीनवर, एक हात कीबोर्डवर, तोही ओला. एंटर, एंटर, एंटर. वरची लाल पट्टी कोणाच्या डोळ्यांत भरणार? आता चूक आली की कर्सर आपोआप पहिल्या चुकलेल्या फील्डमध्ये जातो, आतला मजकूर सिलेक्ट होतो आणि वाक्य त्या फील्डच्या लगेच खाली येतं. टाइप केलं की जुनं पुसून नवं. सोबत एचटीएमएलचे ‘एरिया इनव्हॅलिड’ आणि ‘एरिया डिस्क्राइब्डबाय’ हे गुणधर्म लावले, म्हणजे स्क्रीन रीडरलाही (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) कोणतं वाक्य कुठल्या फील्डचं ते कळतं.

एका काकूंच्या म्हशीची फॅट १०.४ लागली. प्रोग्रॅमनं अडवलं, मर्यादा १०. अण्णा म्हणाले, "आटत आलीया म्हस. लागतीया एवढी." परत सॅम्पल लावलं, तेवढीच. आता नोंद कशी घेणार? पूर्वी काय करायचे विचारलं, तर १० घालायचे. म्हणजे आमच्या नियमानं त्यांना खोटा आकडा भरायला लावलं, आणि दर फॅटवर असल्यामुळं काकूंचे पैसे कमी झाले.

तिथंच ठरलं. ‘अडवणारी चूक’ आणि ‘शंका’ वेगळ्या. फॅट ६५ ही चूक. १०.४ ही शंका : ‘फॅट नेहमीपेक्षा जास्त आहे. बरोबर असेल तर पुन्हा एंटर दाबा.’ शंका मान्य करून घेतलेली नोंद वेगळी खूण लावून ठेवतो, महिन्याला संचालकांना यादी निघते. ‘चूक’ क्लासमध्ये चौथी गोष्ट आधीपासून होती, नुसती वापरली.

तपासनीसात मात्र एक घोळ निघाला. शंका असली तरी तो यादीच परत देत होता, त्यामुळं दुसऱ्यांदा एंटर दाबूनही नोंद होईना. मान्य केलेल्या शंकांचे कोड फॉर्मसोबत परत पाठवायला लागले. नुसतं ‘मान्य’ असं एकच चिन्ह ठेवलं तर पहिल्या शंकेला होकार देताना दुसरी, न बघितलेलीही पार होते.

गायीचं दूध आणि फॅट ६.८ आली की शंका कोणावर घ्यायची, फॅटवर की प्रकारावर? केंद्रावर बघितलं तर फॅट मशीनमधून आपोआप येते, चुकतो तो प्रकार, कारण आधीच्या माणसाचं ‘गाय’ तसंच राहिलेलं असतं. म्हणून कर्सर प्रकारावर जातो : ‘दूध गायीचं की म्हशीचं?’ महाराष्ट्रात दराचं गणित गायीला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ आणि म्हशीला ६ फॅट, ९ एसएनएफ धरून चालतं, त्यामुळं प्रकार चुकला की सगळं बिल चुकतं.

परत येताना ठरलेल्या रकमेचा हिशेब मनात केला. शंकांचं काम त्यात नव्हतं आणि ते मागायचं तोंडही नाही.

२१ जून

एकाच सभासदाची एकाच पाळीत दोनदा नोंद. तपासनीस आधी डेटाबेसला विचारतो, असेल तर चूक देतो. पण केंद्रावर दोन कॉम्प्युटर आहेत. दोघांनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही ‘नाही’ उत्तर मिळतं आणि दोन्ही नोंदी होतात. खरा पहारा डेटाबेसचाच : सभासद, तारीख, पाळी आणि दुधाचा प्रकार यांवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडणी दुसऱ्यांदा घेतलीच जात नाही. प्रकार विसरू नका, एकाच घरातून गायीचं आणि म्हशीचं दोन्ही येतं.

इंडेक्स लावला की मायएसक्यूएल १०६२ क्रमांकाचा एरर देतो. तो रिपॉझिटरीत (डेटाबेसशी बोलणारा क्लास) पकडून आपल्या ‘चूक’ मध्ये बदलला, कोड ‘नोंद.आधीच’. पडद्याला कळतही नाही की ही चूक तपासनीसाकडून आली की डेटाबेसकडून. १०६२ सोडून दुसरा कुठला एरर असेल तर तो मात्र तसाच पुढं जाऊ द्यायचा. सगळेच पकडून ‘नोंद आधीच आहे’ सांगितलं तर डिस्क भरल्यावरही तेच सांगेल.

२५ जून

मोबाइल अ‍ॅपसाठी उत्तराचं स्वरूप. जुना सर्व्हर चूक असली तरी २०० (‘सगळं ठीक’ असं सांगणारा एचटीटीपीचा आकडा) देत होता, आत ‘सक्सेस फॉल्स’. आता चुका असल्या की ४२२ (‘मागणी समजली, पण आतली माहिती चुकीची’) आणि सोबत यादी. मांडणी आरएफसी ९४५७ या इंटरनेटच्या मानकाप्रमाणं ठेवली (२०२३ चा, ७८०७ च्या जागी आलेला), स्वतःची नवी कशाला काढायची? यादीत कोड आणि आकड्यांसोबत तयार मराठी वाक्यही पाठवतो, कारण जुन्या अ‍ॅपला उद्याचे नवे कोड माहीत नसणार. कोड ओळखीचा नसेल तर त्यानं ते वाक्य दाखवावं.

२ जुलै

गेले काही दिवस पहाटे एक मेसेज येत होता : ‘तारीख भविष्यातली आहे’. साडेपाचनंतर आपोआप बंद. ऑफिसात कधीच येईना. अण्णांनी वेळ सांगितली तेव्हा ट्यूब पेटली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आहे, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. पहाटे ५:३० पर्यंत सर्व्हरच्या हिशेबानं कालचीच तारीख, त्यामुळं आजची तारीख त्याला उद्याची वाटते. तपासनीसात ‘आज’ सरळ सिस्टिमकडून घेतला होता. आता घड्याळ बाहेरून ऑब्जेक्ट म्हणून देतो, टाइमझोन ‘एशिया कोलकाता’. टेस्टमध्ये पहाटेचे ५:१५ वाजवून बघता येतात.

त्याच नियमाचा दुसरा अर्धा, ‘मागची तारीख चालणार नाही’, अण्णांनी मोडीत काढला. पावसाळ्यात लाइट गेली की वहीत लिहितात, आली की चढवतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली की त्यांना रस्त्याचीही खात्री नसते, ४३ ही धोका पातळी. अशा वेळी चार-चार दिवसांच्या नोंदी एकदम होतात. मागची तारीख आता शंका आहे. चूक फक्त एकाच बाबतीत : बिल दहा-दहा दिवसांचं निघतं, ती तारीख ज्यात येते ते बिल निघून गेलं असेल तर. वाक्य : ‘या तारखेचं बिल निघालं आहे. फरक पुढच्या बिलात घ्या.’

५ जुलै

सभासद फॉर्म, संकलन, पशुखाद्य विक्री हे तिन्ही नव्या पद्धतीवर आले. ‘इतके क्लास कशाला’ म्हणणाऱ्या मुलीनं पशुखाद्याचा फॉर्म एकटीनं केला. तपासनीस आणि वाक्यं सोडून काही नवं लिहावं लागलं नाही.

राहिलेलं : सीएसव्हीमधून येणाऱ्या नोंदींच्या चुका अजून ओळ क्रमांकाशिवाय दिसतात. ‘फॅट जास्त आहे’ म्हटलं तर कोणत्या ओळीत? ‘चूक’ मधलं फील्ड नुसतं नाव न ठेवता ‘ओळ १४, फॅट’ असा पूर्ण पत्ता करावा लागेल. काही जणांच्या मोबाइलवर जुनं अ‍ॅप आहे, त्याला ४२२ कळत नाही, तो ‘इंटरनेट नाही’ म्हणतो. त्यांचे मोबाइल बिलाच्या दिवशी संस्थेत आले की अपडेट करून देणार. तोवर जुन्या अ‍ॅपला २०० चंच उत्तर चालू ठेवलंय.